दीडशे मुलांचं डिस्ट्रिक्ट आणि हद्दीबाहेरच्या शाळा

कॅलिफोर्नियाच्या सॅन डिएगो काउंटीत (काउंटी म्हणजे राज्याचा आपल्या जिल्ह्यासारखा विभाग), एल काहोन शहराच्या पूर्वेला डेहेसा नावाचं खोरं आहे. तिथल्या स्कूल डिस्ट्रिक्टची, म्हणजे सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेची, स्वतःची शाळा एकच, आणि तिचा पट दीडशेच्या आसपास. तरीही या चिमुकल्या डिस्ट्रिक्टने एकामागून एक चार्टर शाळांना (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र मंडळाने चालवलेल्या शाळांना) मान्यता दिली, आणि २०१९ पर्यंत त्या शाळांचा एकत्रित पट हजारोंच्या घरात गेला. त्यांतली बहुतेक मुलं डेहेसाच्या खोऱ्यात राहत नव्हती आणि तिथे शिकायलाही येत नव्हती. त्यांच्या शिक्षणावर देखरेख ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी मात्र दीडशे मुलांची एक शाळा चालवणाऱ्या कार्यालयावर होती.

हे सगळं चोरून झालं असतं तर हे प्रकरण पोलिसांपुरतं राहिलं असतं. इथे मांडणीचा बराचसा भाग कायद्याला मान्य होता, आणि म्हणूनच तो बारकाईने पाहायला हवा. शाळा कुठे चालवता येईल आणि कुणाच्या देखरेखीखाली, याबद्दल राज्याच्या कायद्यात एक फट राहिली होती. त्या फटीतून आधी गरजू शाळा आत आल्या, त्यांच्या मागून धंदेवाईक शिरले. शेवटी १९ ऑनलाइन शाळांच्या एका साखळीने सरकारकडून सुमारे ४० कोटी डॉलर उचलले.

सनद कोण देतं, पैसा कुठे जातो

चार्टर शाळा ही सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, धर्मनिरपेक्ष आणि सर्वांना खुली शाळा असते, पण तिचा कारभार स्वतंत्र मंडळ पाहतं. अभ्यास कसा घ्यायचा आणि दिवसाचं वेळापत्रक कसं ठेवायचं, यात तिला नेहमीच्या सरकारी शाळेपेक्षा बरीच मोकळीक मिळते. बदल्यात तिला एका ठराविक मुदतीची सनद घ्यावी लागते. मुदत संपली की कामगिरी पाहून नूतनीकरण होतं किंवा शाळा बंद होते. असा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. कॅलिफोर्नियाचा दुसरा, १९९२ चा. सिनेटर गॅरी हार्ट यांनी तो मांडला आणि गव्हर्नर पीट विल्सन यांनी त्यावर सही केली. सुरुवातीला सगळ्या राज्यात मिळून १०० शाळांची मर्यादा होती. १९९८ मध्ये ती २५० वर नेली आणि दरवर्षी आणखी १०० शाळांची मुभा दिली.

सनद मुख्यतः स्कूल डिस्ट्रिक्ट देतं. या डिस्ट्रिक्टचा आपल्या महसुली जिल्ह्याशी संबंध नाही. कॅलिफोर्नियात अशी सुमारे हजार डिस्ट्रिक्ट आहेत, प्रत्येकाची स्वतंत्र हद्द आणि मतदारांनी निवडून दिलेलं शिक्षण मंडळ. काही फक्त प्राथमिक शाळा चालवतात, काही फक्त हायस्कूल, काही दोन्ही. लॉस एंजेलिसचं डिस्ट्रिक्ट लाखो मुलांचं आहे, डेहेसाचं दीडशे मुलांचं, आणि सनद देण्याचा अधिकार दोघांना सारखाच.

पैसा मुलाच्या मागे जातो. मूल चार्टर शाळेत गेलं की त्याच्या सरासरी दैनिक उपस्थितीवर मोजलेला सरकारी निधी त्या शाळेकडे वळतो आणि मूळ डिस्ट्रिक्टच्या वाट्याचा तेवढा कमी होतो. सनद देणाऱ्या डिस्ट्रिक्टला देखरेखीच्या खर्चापोटी चार्टर शाळेच्या उत्पन्नाच्या १ टक्क्यापर्यंत रक्कम घेता येते. त्याने जागाही जवळजवळ फुकट दिली असेल तर ३ टक्क्यांपर्यंत.

हा एक टक्का नीट समजून घेतला की पुढचं बरंचसं उलगडतं. समजा, एका चार्टर शाळेत हजार मुलं आहेत आणि दर मुलामागे दहा हजार डॉलर मिळतात. शाळेचं उत्पन्न एक कोटी डॉलर, तर देखरेख शुल्क एक लाख डॉलर. लाखो मुलांच्या डिस्ट्रिक्टला त्याचं काही वाटणार नाही. एका शाळेच्या डिस्ट्रिक्टला मात्र त्यातून एका शिक्षकाचा पगार सुटतो. आता ती चार्टर शाळा दुसऱ्याच डिस्ट्रिक्टच्या हद्दीत मुलं गोळा करत असेल, तर शुल्क इकडे येतं आणि पट तिकडे घटतो. शाळा बिघडली तर संतापलेले पालक मतदार म्हणूनही दुसरीकडचेच. सनद देणाऱ्या मंडळाला ते पुढच्या निवडणुकीत पाडू शकत नाहीत. जाब विचारणारे आणि जाब देणारे यांच्यामधला धागा इथे तुटतो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ या तुटलेल्या धाग्यात आहे. नंतरचे लबाड लोक तिथे पोचायला थोडा वेळ लागला, इतकंच.

हद्द कायद्यात आली, पण अर्धवट

१९९२ च्या कायद्यात शाळा कुठे भरवायची याबद्दल स्पष्ट बंधन नव्हतं. दूरच्या डिस्ट्रिक्टकडून सनद घ्यायची आणि वर्ग राज्यात कुठेही भरवायचे, असे प्रकार सुरू झाले. २००२ मध्ये एबी १९९४ (एबी म्हणजे असेंब्लीत मांडलेलं विधेयक, एसबी म्हणजे सिनेटमधलं) हा कायदा करून विधिमंडळाने नियम घातला की चार्टर शाळा सनद देणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या हद्दीतच असावी. आधीपासून बाहेर असलेल्या शाळांना जुळवून घेण्यासाठी २००५ च्या जूनपर्यंत मुदत मिळाली. ती मुदत संपायच्या आतच, ऑगस्ट २००४ मध्ये, व्हिक्टरव्हिलची कॅलिफोर्निया चार्टर अकादमी ही साखळी कोसळली. तिच्या राज्यभर विखुरलेल्या साठेक केंद्रांतली सुमारे दहा हजार मुलं शाळा सुरू होण्याच्या तोंडावर शाळेविना राहिली.

एवढा मोठा धडा मिळूनही नव्या नियमातले अपवाद तसेच राहिले. हद्दीत शोधूनही जागा मिळाली नाही तर त्याच काउंटीत हद्दीबाहेर एक जागा घेता येत असे. ज्या डिस्ट्रिक्टमध्ये शाळा उघडणार त्याला फक्त कळवायचं, त्याची संमती लागत नव्हती. दुसरा अपवाद रिसोर्स सेंटरचा. ज्या शाळांत ८० टक्क्यांहून कमी शिकवणं प्रत्यक्ष शाळेच्या जागेत होतं, त्यांना कायदा वर्गाबाहेरच्या शाळा म्हणतो. मूल घरी शिकतं, शिक्षक ठराविक अंतराने भेटतो आणि काम तपासतो. अशा मुलांना मदत म्हणून लगतच्या काउंटीत रिसोर्स सेंटर उघडायला कायद्याने काही अटींवर परवानगी दिली होती. त्याच काउंटीत, पण डिस्ट्रिक्टच्या हद्दीबाहेर उघडता येईल का, याबद्दल कायदा गप्प होता.

शाळांनी या मौनाचा सोयीचा अर्थ लावला: शेजारच्या काउंटीत चालतं, तर आपल्याच काउंटीत न चालायला काय झालं? तर्क म्हणून तो लंगडा नाही. शेकडो ठिकाणी, व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांत, चर्चच्या खोल्यांत अशी केंद्रं उभी राहिली.

त्यांतल्या अनेकांनी मनापासून काम केलं. उत्तर कॅलिफोर्नियाच्या डोंगराळ भागात शाळा मैलोन् मैल दूर असतात. कुणी आजारी असतं, कुणाला वर्गात इतर मुलांनी छळलेलं असतं, कुणाला लवकर नोकरी धरावी लागलेली असते. अशा मुलांना आठवड्यातून दोनदा गणिताच्या शिक्षकाशेजारी बसायला जागा मिळणं फार मोलाचं आहे. पुढच्या घोटाळ्याकडे पाहून या सगळ्या शाळांना एकाच रंगात रंगवणाऱ्यांशी मी सहमत नाही.

शास्ता काउंटीतला वाद

ही फट न्यायालयात पोचली ती राज्याच्या उत्तर टोकाकडच्या शास्ता काउंटीतून. शास्ता सेकंडरी होम स्कूलला सनद दिली होती शास्ता युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टने. तिने रिसोर्स सेंटर उघडलं शेजारच्या अँडरसन युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्टच्या हद्दीत. काउंटी एकच. अँडरसनने दावा लावला आणि खालच्या न्यायालयात तो हरला. ऑक्टोबर २०१६ मध्ये तिसऱ्या अपील न्यायालयाने निकाल फिरवला. हद्दीतच राहायचं हा सर्वसाधारण नियम आहे, अपवाद कायद्याने जेवढे लिहिलेत तेवढेच, आणि ‘त्याच काउंटीत’ हा अपवाद लिहिलेला नाही, असा त्याचा आशय होता. जानेवारी २०१७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हाती घ्यायला नकार दिला.

वर्षानुवर्षं चाललेली केंद्रं अशा रीतीने अचानक बेकायदा ठरली. राज्य शिक्षण मंडळाकडे सवलतींच्या अर्जांची रांग लागली. काहींनी केंद्रं हलवली, काहींनी ज्यांच्या हद्दीत केंद्र होतं त्यांच्याकडून नवी सनद मागितली. हा दुसरा मार्ग मला योग्य वाटतो. ज्या गावात मुलं शिकतात त्या गावच्या मंडळापुढे उभं राहून आपलं काम दाखवण्यात प्रामाणिक शाळेला भिण्यासारखं काही नव्हतं. अडचण अशी की अनेक मोठ्या डिस्ट्रिक्टना पट घटण्याच्या भीतीने चार्टर शाळा नकोच असत. छोट्या डिस्ट्रिक्टचा दरवाजा चार्टरवाल्यांना इतका प्रिय का झाला, त्याचं निम्मं उत्तर मोठ्यांच्या या बंद दरवाज्यांत आहे.

ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकांनी अॅक्टन-आग्वा डुल्से, अँटेलोप व्हॅली आणि न्यू जेरुसलेम या तीन डिस्ट्रिक्टची तपासणी प्रसिद्ध केली. हद्दीबाहेरच्या शाळांना नियम न पाळता मान्यता आणि त्यांच्यावर अपुरी देखरेख, असा निष्कर्ष होता. विधिमंडळाला कृतीसाठी एवढं पुरायला हवं होतं. पुरलं नाही.

ए-थ्री

मे २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या जिल्हा सरकारी वकील समर स्टीफन यांनी ए-थ्री एज्युकेशन या कंपनीशी संबंधित ११ जणांवर ६७ आरोप ठेवले. सूत्रधार दोन: ऑस्ट्रेलियाचा शॉन मॅकमॅनस आणि लाँग बीचचा जेसन श्रॉक. १९ ऑनलाइन चार्टर शाळा, वेगवेगळ्या छोट्या डिस्ट्रिक्टच्या सनदा. आरोपानुसार पाच कोटींहून अधिक डॉलर या दोघांच्या खासगी कंपन्यांकडे वळले, आणि त्यातून घरंही घेतली गेली.

पद्धत पाहताना मन विषण्ण होतं. राज्यात उन्हाळ्यात मुलांच्या फुटबॉलच्या आणि इतर खेळांच्या लीग भरतात. त्यांतल्या अनेकांना पैशाची चणचण असते. ए-थ्रीची माणसं त्यांच्याकडे जात, नोंदवलेल्या प्रत्येक मुलामागे लीगला रक्कम देत आणि मुलांची माहिती घेत. मुलगा मैदानावर सराव करत होता, आणि कागदावर तो एका ऑनलाइन शाळेचा विद्यार्थी झाला होता. अनेकांना याची कल्पनाच नव्हती, असं अभियोजन पक्षाचं म्हणणं होतं. शिवाय शालेय वर्षाची वेगवेगळी वेळापत्रकं (ट्रॅक) दाखवून मुलांची नावं एका शाळेतून दुसऱ्या शाळेत सरकवली गेली, म्हणजे एकाच नावावर नेहमीपेक्षा जास्त पैसे निघाले.

उपस्थिती इतकी सहज कशी मांडता आली? घरी शिकणाऱ्या मुलाची हजेरी बाकावर बसण्याने मोजत नाहीत. मुलाने केलेलं काम पाहून पात्र शिक्षक ठरवतो की हे इतक्या दिवसांचं काम झालं. सगळी मोजणी शिक्षकाच्या सहीवर उभी असते. राज्याने २००१ पासून अशा शाळांना पूर्ण निधीसाठी अटी घातल्या होत्या: ८० टक्के खर्च शिक्षणाशी संबंधित, ४० टक्के उत्पन्न पात्र शिक्षकवर्गाच्या पगारावर, आणि एका शिक्षकामागे साधारण २५ मुलं. अटी चांगल्या आहेत. पण त्या कागदांच्या गुणोत्तरांवर तपासल्या जातात. मूल खरंच आहे का, हे विचारायला कुणी तरी त्याच्या दारापर्यंत जावं लागतं, आणि ते काम देखरेख करणाऱ्या डिस्ट्रिक्टचं. शंभर मैलांवरच्या, शिवाय शुल्कावर आपलं अंदाजपत्रक जुळवणाऱ्या छोट्या कार्यालयाकडून ती अपेक्षा कायद्याने केली, आणि ती पुरी करायला ना माणसं दिली, ना कारण.

फेब्रुवारी २०२१ मध्ये मॅकमॅनस आणि श्रॉक यांनी गुन्हा कबूल केला. वीस कोटींहून अधिक डॉलर वसूल करण्याची तजवीज झाली. अमेरिकेतल्या शिक्षण घोटाळ्यांत इतकी मोठी वसुली क्वचितच होते, आणि त्यासाठी सॅन डिएगोच्या तपास यंत्रणेला श्रेय द्यायला हवं.

२०१९ चे कायदे

त्या वर्षी वारं आधीच फिरलं होतं. जानेवारीत लॉस एंजेलिसचे आणि फेब्रुवारीत ओकलंडचे शिक्षक संपावर गेले. नव्या चार्टर शाळा थांबवा, ही त्यांची एक मागणी होती. मार्चमध्ये नवे गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी एसबी १२६ वर सही केली. सार्वजनिक बैठका, माहितीचा अधिकार आणि हितसंबंधांची टक्कर याबद्दलचे जे कायदे सरकारी मंडळांना लागू होते, तेच आता चार्टर शाळांच्या मंडळांनाही स्पष्टपणे लागू झाले. नफा कमावणाऱ्या कंपन्यांना चार्टर शाळा चालवण्याची बंदी २०१८ मध्येच मंजूर झाली होती. अशी बंदी शाळा कोण चालवतं यावर असते. शाळेने सेवा विकत घेण्याच्या नावाखाली कुणाला किती पैसे द्यायचे, हा प्रश्न तिच्या पलीकडे उरतो.

ऑक्टोबर २०१९ मध्ये दोन मुख्य कायदे एकत्र आले. पॅट्रिक ओ’डॉनेल यांचा एबी १५०५ आणि क्रिस्टी स्मिथ यांचा एबी १५०७. पहिल्याने मान्यतेचे निकष बदलले. नव्या शाळेमुळे डिस्ट्रिक्टच्या आर्थिक स्थितीवर आणि परिसरावर काय परिणाम होईल, हे आता नकाराचं कारण होऊ शकतं. राज्य मंडळाकडे अपिलाची वाट अरुंद झाली. चांगल्या, मध्यम आणि कमकुवत कामगिरीच्या शाळांना नूतनीकरणाचे वेगळे नियम लागले. आणि १ जानेवारी २०२० पासून वर्गाबाहेरच्या नव्या चार्टर शाळांना दोन वर्षं बंदी. ती पुढे दोनदा वाढून १ जानेवारी २०२६ पर्यंत गेली.

एबी १५०७ थेट जागेबद्दल बोलतो. ‘हद्दीत जागा मिळत नाही’ हा अपवाद त्याने काढून टाकला. आधीपासून बाहेर असलेल्या जागेला नूतनीकरणापर्यंत मुभा मिळाली. त्यानंतर जिथे ती जागा आहे तिथल्या डिस्ट्रिक्टची लेखी संमती घ्यायची किंवा त्याच्याकडेच सनद मागायची. आदिवासींच्या राखीव भूमीवरच्या शाळा आणि रोजगार-प्रशिक्षणाच्या सरकारी योजनांशी जोडलेल्या काही शाळांना सूट राहिली. शाळा सोडलेल्या तरुणांना परत आणणाऱ्या केंद्रांना डिस्ट्रिक्टच्या सीमेत कोंडण्यात अर्थ नव्हता, म्हणून ही सूट मला पटते. ‘कळवा’च्या जागी ‘संमती घ्या’ आलं, हे या कायद्याचं खरं यश. तुटलेल्या धाग्याची एक बाजू त्याने पुन्हा बांधली.

जागाच नसलेली शाळा

दुसरी बाजू सुटलीच राहिली. एबी १५०७ इमारतींवर आणि केंद्रांवर लागू होतो. पूर्णपणे ऑनलाइन शाळेला हद्दीबाहेर इमारत लागतच नाही. तिचं कार्यालय सनद देणाऱ्या डिस्ट्रिक्टमध्ये असलं की जागेचा नियम पाळला गेला. मुलं मात्र ती आपल्या काउंटीतून आणि लगतच्या सगळ्या काउंटींतून घेऊ शकते. सॅन डिएगो काउंटीतली एक सनद म्हणजे ऑरेंज, रिव्हरसाइड आणि इम्पिरियल या काउंट्यांतलीही मुलं. मोजक्या काउंटींत अशा सनदा मिळवल्या की राज्याचा मोठा भाग आवाक्यात येतो. ए-थ्रीचं मुख्य काम अशा शाळांतूनच चाललं होतं. रिसोर्स सेंटरच्या वादाशी त्याचा फारसा संबंध नव्हता. संतापाच्या भरात विधिमंडळाने दिसणारी जागा आवळली, आणि न दिसणाऱ्या जागेपुढे तात्पुरत्या बंदीची फळी लावली. ती बंदीही नव्या शाळांना होती, जुन्यांचा पट वाढायला नव्हती.

२०२४ मध्ये विधिमंडळाचे आर्थिक विश्लेषक आणि शाळांच्या आर्थिक अडचणी हाताळणारी राज्याची यंत्रणा यांनी एकत्र अहवाल दिला, तेव्हा छोट्या डिस्ट्रिक्टनी मोठ्या ऑनलाइन शाळांना सनदा देण्यावर मर्यादा घालावी ही सूचना त्यात होती. एक टक्क्याचं जे गणित १९९० च्या दशकापासून दिसत होतं, ते २०२४ मध्येही सुधारायचं शिल्लक होतं.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परकं वाटू नये. आपल्याकडे चार्टर कायदा नाही, पण अनुदान आणि शिक्षकांची पदं पटावर ठरतात, आणि पट फुगवण्याचा मोह आपण पाहिला आहे. नांदेडमध्ये बोगस विद्यार्थी उघड झाल्यावर ३ ते ५ ऑक्टोबर २०११ या तीन दिवसांत राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली. मुलांच्या बोटाला शाई लावली गेली, म्हणजे तीच मुलं दुसऱ्या शाळेत पुन्हा उभी करता येऊ नयेत. सुमारे २० लाख नावं कागदावरच असल्याचं समोर आलं. त्या मोहिमेनंतरच्या कारवाईबद्दल तक्रारी अनेक आहेत, पण तिने एक गोष्ट केली जी कॅलिफोर्नियाच्या कोणत्याही तरतुदीने केली नाही: दुसऱ्या खात्याचा माणूस वर्गात गेला आणि त्याने मुलं मोजली. ज्याचं उत्पन्न पटावर अवलंबून आहे, त्याच्यावर मोजणी सोपवली नाही.

ऑनलाइन शाळेत बोटाला शाई लावता येत नाही, पण तत्त्व तेच लागू करता येतं. मूल राहतं त्या डिस्ट्रिक्टला दर सत्रात कळावं की हे मूल अमुक शाळेत नोंदलेलं आहे, आणि पालकाने त्याला स्वतंत्रपणे दुजोरा द्यावा. फुटबॉलच्या मैदानावरच्या मुलाच्या आईला असं एक पत्र जरी आलं असतं, तरी ए-थ्री पहिल्याच उन्हाळ्यात अडकली असती. देखरेख शुल्काला सनद देणाऱ्या डिस्ट्रिक्टच्या स्वतःच्या पटाशी जोडलेली कमाल मर्यादा हवी. दीडशे मुलांच्या डिस्ट्रिक्टने दोनशे मुलांची चार्टर शाळा जरूर सांभाळावी, हजारोंची नाही. तेवढी मोठी शाळा चालवायची असेल तर सनद काउंटीने द्यावी, तपासनीस काउंटीचे असावेत, आणि शुल्कही तिकडेच जावं.